जुन्या पिकअपची उंची

घरातील जुन्या वस्तूविषयी वडील आणि मुलगा यांचे एकमत व्हावे, असा योग क्वचितच येतो. एकेकाळी हा वाद झोपाळ्यावरून, शिसवी कपाटावरून किंवा परसातील आडावरून होत असे. आता पुष्कळ घरांत तो मान अंगणात उभ्या असलेल्या पिकअपकडे आला आहे. वडिलांच्या लेखी ती कर्ज फेडून मिळवलेली लक्ष्मी असते. मुलाच्या लेखी ती खाली बसलेली, पोटाने दगड घासणारी, काळाच्या मागे पडलेली गाडी असते. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

खानापूर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र या विषयास निमित्त झाले. गाडी पंधरा वर्षांची, पुढेमागे पाट्यांची. शेतापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट पावसाळ्यात लाल चिखलाची होते, आणि आठवड्यातून तीन वेळा हीच गाडी चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला भाजी घेऊन जाते. चिरंजीवांना ती चार इंच उंच करून मोठ्या नक्षीचे रुंद टायर घालावयाचे आहेत. हाताशी रक्कम बेताची आहे. आणि पत्राच्या शेवटी गृहिणीने एकच ओळ लिहिली आहे : 'उंच गाडी घाटात उलटणार तर नाही ना?' आमच्या मते साऱ्या पत्रातील महत्त्वाचा प्रश्न हाच होय. माळव्याच्या काळ्या मातीत वा वडोदऱ्याकडील कानम प्रदेशात ज्यांची शेती आहे, त्या वाचकांनाही पुढील विवेचन उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम 'उंची' या शब्दाचाच उलगडा केला पाहिजे. पाट्यांच्या गाडीला उंच करणे म्हणजे ॲक्सल आणि चॅसी यांमधील अंतर वाढवणे. परंतु मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो गोल डबा असतो, तोच पुष्कळदा वाटेवरील दगडाला सर्वांत आधी भिडतो. चॅसी चार इंच वर उचलली तरी हा डबा होता तेथेच राहतो. तो सूतभरही वर येत नाही. त्याची जमिनीपासूनची उंची केवळ टायरच्या व्यासावर अवलंबून असते. चॅसी उचलल्याने बंपर, सायलेन्सर, डिझेलची टाकी आणि हौद्याचा मागचा भाग यांना मोकळीक मिळते, तसेच मडगार्डमध्ये मोठ्या टायरला जागा होते. लाभ आहे, परंतु तो कोठे आहे हे ओळखून मगच पैसे मोजावेत.

टायरने किती उंची मिळते, याचा हिशेब घरी वहीवर करता येतो. टायरच्या कडेवर २१५/७५ आर १५ असे आकडे असले, तर २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी टायरच्या भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. त्यावरून टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला, तर तो सुमारे ७३३ होतो. वाढ ३० मिलिमीटरची. पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असल्याने तो उचलला जातो केवळ १५ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून किंचित अधिक. एवढ्यासाठी चाक चार टक्क्यांनी मोठे झाले; काटा ६० दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वेगाने धावत असेल. चढावर इंजिनाला तितकीच ओढ कमी पडेल आणि क्लच-प्लेट लवकर झिजेल. जुन्या इंजिनाच्या दृष्टीने हा व्यवहार वाटतो तितका स्वस्त नाही.

आता स्वस्तात उंची वाढवण्याचे जे उपाय गॅरेजमध्ये सुचवले जातात, त्यांचा विचार करू. पहिला उपाय लांब शॅकलचा. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाशी असल्याने तो जितका लांब करावा, त्याच्या निम्मीच उंची मिळते; दोन इंचांसाठी शॅकल चार इंचांनी वाढवावा लागतो. असा लांबलचक शॅकल वळणावर आडवा डुलतो, आणि पुढच्या बाजूस वापरल्यास ॲक्सलचा कल बदलून स्टेअरिंग भटकू लागते. दुसरा उपाय पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालण्याचा. तो मागच्या बाजूस, योग्य लांबीच्या नव्या यू-बोल्टांसह, एकच आणि बेताच्या उंचीचा असेल तर चालू शकतो. परंतु पुढच्या ॲक्सलवर ठोकळा कदापि घालू नये, एकावर एक रचू नये, आणि लाकडाचा तर नावही काढू नये. ब्रेक दाबताना ॲक्सलला जो पीळ बसतो, तो ठोकळ्याच्या उंचीबरोबर वाढत जातो. तिसरा उपाय संचात एक जादा पाटा घालण्याचा. त्याने इंच-दोन इंच उंची मिळते; मात्र रिकामी गाडी धोंड्यासारखी उडते. चौथा आणि सर्वांत सरळ उपाय नव्या पाट्यांचा संच घेण्याचा. तोच अर्थात सर्वांत महाग.

उपाय कोणताही असो, खर्च पाट्यांपाशी थांबत नाही. ॲक्सल खाली गेला की ब्रेकचा होज पाइप ताणला जातो; प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस वाजू लागतात; जुने शॉकअप लांबीला अपुरे पडतात; स्टेअरिंगचा दांडा तिरपा होतो, आणि मग खड्ड्यात चाक गेले की गाडी आपणहून बाजूला ओढते. हेडलाइटचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ही यादी जो कारागीर आधी सांगतो, त्याच्याकडे गाडी सोपवावी. जो केवळ 'दोन तासांत करून देतो' म्हणतो, त्याला नमस्कार करून परतावे.

गृहिणीच्या प्रश्नाचे उत्तर याच ओघात देतो. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. वजनाचा मध्य जितका वर, तितके ते अधिक सरकते. हौद्यात कोबीच्या पोत्यांची वा टोमॅटोच्या क्रेटांची थप्पी लागली, की तो मध्य आधीच वर गेलेला असतो. त्यात चॅसीचे चार इंच मिळवले, चाकांमधले अंतर मात्र तेवढेच राहिले. उंच गाडी उलटेलच असे नाही. परंतु धुक्यात समोरून अचानक ट्रक आला आणि स्टेअरिंग झटक्याने फिरवावे लागले, तर सावरण्याची जी सवलत तिच्यापाशी होती, ती कमी झालेली असते. घाटात नित्य जाणाऱ्या, भरलेल्या गाडीसाठी चार इंचांचा बेत आम्ही स्पष्ट शब्दांत नाकारतो.

कायद्याचेही म्हणणे ऐकून ठेवावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे, की नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांहून वेगळे पडतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच आशयाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफाराबद्दल प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. दरवर्षी ठोकळे काढा आणि दरवर्षी बसवा, हा काही संसार नव्हे. विमा कंपनीस न कळवता केलेला फेरफार दाव्याच्या वेळी वादाचे मूळ ठरतो, तो भाग निराळाच. म्हणून काहीही करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा करावी.

मग चिरंजीवांनी काय करावे? आमचे म्हणणे असे, की गाडी उंच करण्याच्या आधी ती मुळात किती खाली बसली आहे हे मोजावे. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी, चारही टायरांत सारखी हवा भरावी, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. त्याच मॉडेलची एखादी सुस्थितीतील गाडी मिळाल्यास तिचेही मोजावे. पंधरा वर्षे ओझे वाहिलेल्या पाट्यांची कमान पुष्कळदा इंच-दीड इंच, कधी त्याहूनही अधिक सपाट झालेली आढळते. चालकाची बाजू दुसरीहून खाली बसलेली असते. म्हणजे जी उंची विकत घ्यावयाची, तिच्यातील बराच भाग गाडीचा स्वतःचाच हरवलेला ठेवा असतो. तो परत मिळवण्यास कायद्याची आडकाठी नाही.

यासाठी पाटे उतरवून, घासून, एकेक तपासावे. मुख्य पाट्यास चीर असेल तर तो बदलावाच. नुसत्या दबलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देणारे कारागीर ठिकठिकाणी आहेत. मात्र पोलादाला योग्य पाणी न देता केवळ ठोकून आणलेली कमान लवकर बसते, आणि गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवलेला पाटा ओझ्याखाली मोडण्याचा संभव असतो. पाटे फार थकले असतील तर मूळ मापाचा नवा संच घेणे अंती परवडते. त्यासोबत बुश, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि शॉकअप नवे घालावेत, व चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. पाटे कडक झाले म्हणून गाडीची वाहकता वाढत नाही, हेही ध्यानी असू द्यावे. ॲक्सल, ब्रेक आणि चॅसी जुनीच असतात.

टायरांच्या निवडीत मोह सर्वाधिक होतो. मोठमोठ्या ठोकळ्यांचे चिखलाचे टायर दिसण्यात भरदार असतात, आणि काळ्या चिकट मातीत त्यांच्या रुंद खाचा चिखल झटकून टाकतात, हे खरे. परंतु ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते, ते आवाज करतात, डिझेल खातात आणि लवकर झिजतात. ज्या गाडीचे शंभरातील नव्वद किलोमीटर सडकेवर जातात, तिला मिश्र वापराचे टायर योग्य. केवळ शेतातच राबणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. माप निर्मात्याने त्या मॉडेलसाठी मान्य केलेलेच घ्यावे. कडेवरील भारांक अवश्य पाहावा : ९७ म्हणजे एका टायरवर ७३० किलो, १०० म्हणजे ८००, १०६ म्हणजे ९५०. मोटारीचे कमी भारांकाचे टायर स्वस्त मिळतात म्हणून पिकअपला घालणे ही काटकसर नव्हे.

टायरचे वयही छापलेले असते. चार आकड्यांतील पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. खाचांतील झीज दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या पट्ट्या वर आल्या, की टायर संपला असे समजावे. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर नकोत. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे व जातीचे असावेत. चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत तर चौघांचाही व्यास सारखा हवा. पैशाअभावी दोनच नवे घेता आले, तर ते मागे घालावेत, म्हणजे ओल्या वळणावर गाडीचे शेपूट सरकत नाही. आणि स्टेपनीला विसरू नये. घाटात रात्री तीच सोबतीण असते.

आणखी एक उपाय आहे, जो गॅरेजवाला सांगणार नाही. शेताच्या वाटेवर गाडी सर्वत्र अडत नाही. अडते ती ठराविक दोन-तीन ठिकाणी. तेथे पाणी काढून देण्यास चर खणावी आणि काही ब्रास मुरूम टाकून दाबून घ्यावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून खर्च केला तर वाट सर्वांचीच सुधारते, आणि बैलगाडीपासून शाळेच्या मुलांपर्यंत सर्वांना ती उपयोगी पडते.

तेव्हा बेताच्या रकमेची वाटणी आम्ही अशी सुचवू : आधी ब्रेक आणि स्टेअरिंग, नंतर पाटे, बुश व शॉकअप, त्यानंतर योग्य भारांकाचे टायर, आणि उरलेच तर वाटेवर मुरूम. एवढे केल्यावर एक पावसाळा गाडी चालवून पाहावी. त्यानंतरही उंची कमी वाटली, तरच पुढचा विचार. वडीलधाऱ्यांनीही चिरंजीवांचे म्हणणे केवळ हौस म्हणून झिडकारू नये. रोज चिखलात उतरून गाडीला खांदा देणारा तोच आहे, आणि गाडी बसली आहे हे त्याने बरोबर ओळखले आहे. मापाची टेप आणि वही त्याच्याच हाती द्यावी. पाटे बसवून आणल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. ते कामही त्याच्याच नावे लिहावे.