हातोडा आणि फाटक यांच्यामधला विमा

हप्ते थकल्यामुळे बँकांनी आणि वित्तसंस्थांनी ओढून आणलेल्या, पोलिसांनी जप्त केलेल्या, सरकारी खात्यांनी वापरून काढून टाकलेल्या आणि विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात. बोली आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरून लागते, पण गाडी ताब्यात घ्यायला यार्डातच जावे लागते. त्या यार्डाच्या फाटकाशी टेबल टाकून एक विमा प्रतिनिधी बसलेला असतो. त्याला तिथे बसूच देऊ नये, असे मत अलीकडे ठासून मांडले जाते. हे मत चुकीचे आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्याला ते फार महागात पडू शकते.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. बोली जिंकलेला माणूस हरखलेला असतो, घाईत असतो. अशा वेळी त्याच्या गळ्यात पॉलिसी मारणे म्हणजे त्याला लुबाडणे. प्रतिनिधीचा डोळा कमिशनवर असतो. तोच विमा घरबसल्या ऑनलाइन स्वस्तात मिळतो. बरेच जण गाडी टोइंग करून नेतात, त्यांना त्या दिवशी विमा लागतच नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे गाडीचा जुना विमा असतोच. कायद्याने तो आपोआप नव्या मालकाकडे येतो आणि नाव बदलायला चौदा दिवस मिळतात. तेव्हा ग्राहकाने घरी जावे, शांतपणे विचार करावा आणि मग विमा घ्यावा.

यातल्या तीन मुद्द्यांना एकेक उत्तर पुरे. कमिशन गाडी जमवून देणाऱ्या दलालालाही मिळते. तेवढ्यावरून कामाची गरज नाहीशी होत नाही. ऑनलाइन विमा जरूर घ्यावा, पण विम्याची मुदत उलटलेल्या गाडीचा ‘फुल’ विमा काढताना कंपनी गाडीची तपासणी आणि फोटो मागते, आणि गाडी त्या वेळी घरी नसून यार्डात असते. ट्रकवर घालून गाडी नेणाऱ्याला त्या दिवशी घाई नाही हे मान्य. चालवत नेणाऱ्याचे काय, याचे उत्तर पूर्वपक्षाकडे नाही.

खरा प्रश्न जुन्या विम्याचा आहे, कारण ‘विमा असतोच’ या दोन शब्दांवर विसंबून माणसे रस्त्यावर गाडी काढतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ मध्ये असे म्हटले आहे की ज्याच्या नावे विमा आहे त्याने गाडीची मालकी दुसऱ्याला दिली, तर विम्याचे प्रमाणपत्रही त्या दुसऱ्याच्या नावे गेले असे मानावे, आणि नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीकडे नोंद बदलण्याचा अर्ज करावा. पूर्वपक्ष इथपर्यंतच वाचतो.

पहिली गोष्ट, विमा चालू असेल तरच त्याचे हस्तांतर होते. ज्याला गाडीचा महिन्याचा हप्ता भरता आला नाही, त्याने वर्षाचा विमा मात्र वेळेवर भरला असेल असे मानायला आधार काय? त्यात ओढून आणलेली गाडी यार्डात महिनोन्‌महिने उन्हापावसात उभी असते. एक वर्षाची पॉलिसी तेवढ्यात संपून जाते. संपलेल्या पॉलिसीला चौदा दिवस सोडाच, चौदा मिनिटांचीही सवलत कुणी दिलेली नाही.

दुसरी गोष्ट, पॉलिसी चालू असली तरी आपोआप येतो तो फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या हानीचा भाग. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनीने नव्या मालकाला मान्य केल्याशिवाय त्याच्याकडे येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. म्हणजे लिलावातली गाडी पहिल्याच दिवशी दुभाजकावर चढली, तर दुरुस्तीचा सगळा खर्च नव्या मालकाच्या खिशातून. ‘नो क्लेम बोनस’ही गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाला हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत मिळालेली सूट गाडीबरोबर येत नाही. नोंद बदलताना तो फरक भरावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि पूर्वपक्षाने तिचा विचारच केलेला नाही. कलम १५७ मध्ये विमाधारक स्वतः गाडी दुसऱ्याला देतो असे चित्र आहे. ओढून आणलेल्या गाडीत तो देत नाही; विकते वित्तसंस्था. कलम ५१ प्रमाणे वित्तसंस्थेला आधी स्वतःच्या नावे नवी आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मागता येते. ती न मागता गाडी विकली गेली, की कागदावर मालक एक, विकणारा दुसरा आणि चालवणारा तिसरा. अशा गाडीने वाटेत कुणाला उडवले, तर जुनी पॉलिसी कुणाच्या बाजूने उभी राहणार यावर वाद घालायला भरपूर जागा उरते. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या प्रकरणात ठरवले. हे सूत्र इथे लागले, तर हप्त्यापायी गाडी गमावलेल्या माणसाच्या दारातच अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस येऊ शकते.

हा सगळा धोका कोणत्या तासात येतो, तेही पाहिले पाहिजे. काचेवर धुळीचा थर आणि त्यावर रंगाने लिहिलेला लॉट नंबर. दोन टायर बसलेले, बॅटरी उतरलेली. शेजारच्या गाडीवरून वायर लावून इंजिन सुरू केले जाते, सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा तोडून किल्ली हातात दिली जाते. ब्रेक कित्येक महिन्यांत कुणी दाबलेला नसतो. चालवणाऱ्याला गाडी नवी, गाडीला रस्ता नवा. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे गाव गाठायचे असते आणि अंधार पडायच्या आत पोहोचायचे असते. त्या गाडीच्या साऱ्या आयुष्यात विम्याची एवढी गरज दुसऱ्या कुठल्या दिवशी क्वचितच पडते.

विम्याशिवाय गाडी चालवल्याची शिक्षा पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड ही त्यातली सर्वांत छोटी रक्कम आहे. थर्ड पार्टी विम्यात मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही; विमा नसेल तर ती सगळी रक्कम माणसाच्या घरादारावर येते. शिवाय अपघातातली बिनविम्याची गाडी पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये, आणि तारण न दिल्यास तीन महिन्यांनंतर तिचा लिलाव करून पैसे दावा न्यायाधिकरणात भरावेत, असा नियम सर्व राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले. लिलावातून सुटलेली गाडी त्या वाटेने पुन्हा लिलावात जाते.

हाच वाद पूर्वी शोरूमच्या बाबतीत होऊन गेला आहे. नव्या गाडीबरोबर शोरूमवालाच विमा विकतो, ग्राहकाला पर्याय देत नाही, म्हणून तिथला विमा बंद करा, अशी ओरड होती. तक्रार खरी होती, उपाय खोटा होता. विमा नियामकाने शोरूममधले टेबल उचलले नाही. १ नोव्हेंबर २०१७ पासून त्याला नियम लावले. ‘जशी आहे, जिथे आहे’ या लिलावाच्या अटीने सगळीच जबाबदारी संपते, हाही असाच एक गैरसमज. ही अट गाडीच्या स्थितीची आहे. विकणाऱ्यावरचा दुरुस्तीचा भार ती उतरवते; रस्त्यावर चालणाऱ्या तिऱ्हाइताचा हक्क ती काढून घेऊ शकत नाही.

राहिला घाईचा आक्षेप. घाई खरी आहे. पण विचाराला दोन दिवस हवे असतील, तर किल्लीही दोन दिवस टेबलावर राहिली पाहिजे. गाडी आज रस्त्यावर आणि विमा परवा, याला शांतपणे विचार करणे म्हणत नाहीत.

आता मंडन. फाटकावरच्या टेबलाचे काम चार गोष्टींत सांगता येते. एक, गेटपासआधी थर्ड पार्टी विमा, आणि तो सुटा. २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या दरांनी हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला त्याचे वर्षाचे २,०९४ रुपये आणि त्यापुढे पंधराशे सीसीपर्यंत ३,४१६ रुपये होतात, जीएसटी वेगळा. फुल विमा ग्राहकाने चार ठिकाणी विचारून सावकाश घ्यावा. प्रतिनिधीने तो आग्रहाने माथी मारू नये. दोन, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, आरसी आणि लिलावाचे विक्रीपत्र समोरासमोर ठेवून पॉलिसी लिहावी. गाडी ‘टोटल लॉस’मधली असेल तर ते आधी सांगावे. तीन, पैसे आधी. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४-व्हीबी प्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही, म्हणून ‘पॉलिसी उद्या पाठवतो’ या आश्वासनावर गाडी हलवू नये. पॉलिसीवरची सुरुवातीची तारीख आणि वेळ वाचून मगच किल्ली फिरवावी. चार, पुढचे कागद समजावून द्यावेत. सरकारी लिलावातल्या गाडीसाठी ताबा घेतल्यापासून तीस दिवसांत फॉर्म ३२ भरून आरटीओत अर्ज करायचा असतो, आणि त्या अर्जाला विम्याचे प्रमाणपत्र जोडावेच लागते. गाडी नावावर होण्याचा रस्ताही त्याच टेबलावरून जातो.