आडवा वारा टाळून वैमानिक घडत नाही

आषाढी पौर्णिमेला, सूर्य मावळताना, जयपूरचे ज्योतिषी जंतरमंतरातल्या सम्राट यंत्राच्या माथ्यावर ध्वज घेऊन चढतात आणि वारा कुठून येतो ते बघून पावसाचा अंदाज सांगतात. त्याच गावातून या आठवड्यात एका पालकांचं पत्र आलं. मुलगी हलकं विमान शिकते आहे. विंडसॉक जरा आडवा फडफडला की तिचे शिक्षक उड्डाण रद्द करतात, आणि वडिलांना त्यात काळजी दिसते. मला दिसत नाही.

जयपूरच्या सांगानेर विमानतळाची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम. पश्चिमेचा वारा समोरून येतो, तो दक्षिणेकडे सरकला की आडवा. समजा, १० नॉटचा आडवा वारा आहे. १३५ नॉटने उतरणाऱ्या प्रवासी विमानाला पट्टीची रेषा धरायला नाक जेमतेम ४ अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं. ५० नॉटने येणाऱ्या हलक्या विमानाला तेच नाक साडेअकरा अंश वळवावं लागतं, आणि टेकण्याआधी सरळ करावं लागतं. एवढा फरक असताना आपण हलक्या विमानाच्या विद्यार्थ्यालाच सरावापासून दूर ठेवतो!

शिवाय प्रवासी विमानाच्या पंखांखाली इंजिनं लटकलेली, त्याला पंख फारसा झुकवता येत नाही. लहान विमानाला येतो. वाऱ्याकडचा पंख खाली, उलट बाजूचा रडर, वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं. आणि चाकं टेकल्यावर एलेरॉन सोडायचं नाही, वेग उतरेल तसं वाऱ्याकडे वाढवत न्यायचं. विद्यार्थी हात सैल सोडतात ते नेमके इथेच. उड्डाणात क्रम उलटा: सुरुवातीला पूर्ण एलेरॉन वाऱ्याकडे, वेग वाढेल तसं कमी.

हे शांत सकाळी तास भरून येत नाही. आंधी उठली तर विमान बांधूनच ठेवावं, त्यात वाद नाही. पण पाच-सहा नॉटच्या आडव्या वाऱ्यात शिक्षकाने शेजारी बसून त्या मुलीला एकाच सत्रात पुन्हा पुन्हा उतरवायला हवं. सेस्ना १७२च्या पुस्तिकेतला १५ नॉट हा आकडासुद्धा चाचणीत करून दाखवलेला आहे, मर्यादा म्हणून छापलेला नाही. आपली मर्यादा किती, हे तिला परवाना हातात पडायच्या आधी कळलं पाहिजे.