अंधाऱ्या खोलीतील शिक्षण

मोबाइलमुळे छायाचित्र काढणे इतके सुलभ झाले आहे की, ही विद्या शिकावी लागते ही कल्पनाच आजच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटेल. तरीही कृष्णधवल फिल्मवर छायाचित्र घेणे आणि ती फिल्म स्वतः धुणे माध्यमिक शाळेत शिकवले जावे, असे आमचे मत आहे. त्याचा आरंभ पुण्यामुंबईच्या शाळेतून नव्हे, तर कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मैंदर्गीसारख्या गावातून व्हावा.

सिल्व्हर ब्रोमाइडचे प्रकाशाने विघटन होते, हे समीकरण विद्यार्थी पाठ करतो. रौप्य काळे पडताना मात्र तो पाहत नाही. मैंदर्गीच्या भर दुपारी १०० वेगाची फिल्म भरून, छिद्र १६ वर ठेवून सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात त्याने चित्र घ्यावे. चुन्याची भिंत ठीक उमटेल, पण लिंबाच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा निव्वळ काळा येईल. सावलीत जे फिल्मवर उमटलेच नाही, ते पुढे कोणतेही रसायन आणू शकत नाही. कोणासाठी प्रकाश मोजायचा, भिंतीसाठी की माणसासाठी, हा निर्णय त्यालाच करावा लागतो. मोबाइल तो निर्णय परस्पर करून टाकतो.

धुण्याचे काम तर आपल्या हवामानात अधिकच बोधप्रद आहे. पुस्तके डेव्हलपरचे तापमान २० अंश सांगतात. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात टाकीतले पाणी सहज तिशी ओलांडते. २० अंशांना दहा मिनिटे घेणारे काम २४ अंशांना सुमारे सात मिनिटांत उरकते. तेव्हा माठातल्या पाण्याने तापमान उतरवावे आणि घड्याळाकडे पाहत वेळही बदलावी. विज्ञानाचा याहून प्रामाणिक प्रयोग कोणता? १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातच फिल्मला छिद्रे पाडीत आणि ती धुण्याच्या कामी हातभार लावीत, त्यांच्याही दिमतीला वातानुकूलित प्रयोगशाळा नव्हती.

खर्चाचा आक्षेप खोटा नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म एके काळी गावोगाव मिळे. तो कारखाना बंद पडला आणि आता परदेशी रोल महाग पडतो. परंतु छत्तीस चित्रांचा एक रोल छत्तीस मुलांना पुरतो. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम, एवढे एक लिटर पाण्यात विरघळवले की डी-७६ हा जुना डेव्हलपर तयार होतो. शाळेचा तराजू त्याला पुरेसा आहे. शिक्षकांना हे येत नसेल, तर तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवून निवृत्त झालेल्या एखाद्या वृद्ध छायाचित्रकारास बोलवावे. ही मंडळी फार काळ उपलब्ध असणार नाहीत.

वापरलेल्या हायपोत रौप्य उरते. तो गटारात वा विहिरीजवळ न ओतता निराळ्या बरणीत साठवण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावावी.