सनदेची पडताळणी

वकिलांच्या पदव्या व सनदा यांची पडताळणी २०१५ च्या नियमांनी सुरू झाली. ती इतकी रेंगाळली की, एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयास माजी न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. प्रतिपक्षाचा दावा एका दिवसाने मुदतबाह्य झाला तर त्यावर तुटून पडणारे आमचे वकील. स्वतःचा अर्ज भरावयाचा म्हटला की मात्र त्यांना सवड मिळत नाही!

हा नुसता कागदी सोपस्कार नव्हे. काळा कोट कोणालाही शिवून मिळतो. वकीलपत्रावर अंगठा उठविणारा पक्षकार सनद कशी तपासणार? त्याचा आधार बार कौन्सिलची नोंदवही हाच. पूर्ण वेळ नोकरी पत्करणाऱ्याने कौन्सिलास कळवून वकिली थांबवावी, हा नियमही त्यासाठीच आहे.

तथापि कौन्सिलांचा कारभार तरी कोठे चोख होता? ॲडव्होकेट्स ॲक्टान्वये सर्वसाधारण उमेदवाराचे नोंदणीशुल्क ७५० रुपये असता, कित्येक राज्यांत हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी बेकायदेशीर ठरविली. नवशिक्या वकिलांचा रोष आम्ही समजू शकतो. परंतु त्या सबबीवर पडताळणीचा अर्ज कपाटात ठेवण्याची मुभा कोणासही मिळत नाही.