भोपळा राहू द्या, कवट्या काढा




माझ्या नातीचा वाढदिवस ३१ ऑक्टोबरला असतो. यंदा तिला 'हॅलोवीन पार्टी' हवी होती. सूनबाईंनी ऑनलाइन सामान मागवलं. टेबलावर काळा कागद, प्लास्टिकच्या कवट्या, कापूस ताणून केलेली कोळिष्टकं, मधोमध डोळे-दात कोरलेला लाल भोपळा. कोकम सरबताच्या जगवर चिठ्ठी लावलेली, 'रक्त'. मी शाळेत वर्षानुवर्षं वर्ग सजवलेत, पोरांची हौस मला कळते. म्हणून गप्प बसले.

तेवढ्यात नातीने एक कवटी उचलली आणि विचारलं, "आज्जी, आजोबा पण आता असेच दिसत असतील का गं?" तिचे आजोबा जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

हॅलोवीन सैतानाचा सण आहे, ख्रिस्ती घरात नको, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. नावाचा अर्थच मुळी 'सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ' असा आहे. १ नोव्हेंबरला सकल संतांचा सण, २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन. हा दुसरा दिवस दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ओदिलो या मठाधिपतींनी सुरू केला. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून दिवा करत. तेच लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मिळाला. त्यात जुन्या लोकरूढी मिसळल्या हे खरं, पण आपल्या कुठल्या सणात त्या नाहीत?

माझी तक्रार वेगळी आहे. आपण ३१ तारीख बाजारातून आणली आणि पुढचे दोन दिवस विसरलो. मग मुलांच्या हाती फक्त भीती उरते. आपले शेजारी पितृपक्षात आपल्या माणसांना पान वाढतात, घाबरून पळत नाहीत. आपणही दर रविवारी मृतांच्या पुनरुत्थानावरची श्रद्धा बोलून दाखवतो. मग पोरांना मेलेल्या माणसाची ओळख भूत म्हणूनच का करून द्यायची?

त्या संध्याकाळी नातीला जवळ घेऊन सांगितलं, आजोबा देवाच्या हाती आहेत, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. सूनबाईंनी न बोलता कवट्या खोक्यात भरल्या. काळ्या कागदाच्या जागी माझी पांढरी चादर आली, शेवंती आणि झेंडू आले. भोपळा तसाच ठेवला. त्याचा कोरून काढलेला गर मी आधीच बाजूला ठेवला होता, त्याचे घारगे केले. प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या गेलेल्या एका माणसाचं नाव कागदावर लिहून मेणबत्तीपाशी ठेवलं. शेजारच्या मुलाने पणजीचं नाव लिहिलं आणि ती त्याला कशी ओरडायची ते करून दाखवलं. पोरं खूप हसली. दोन तारखेला टेबलावरची शेवंती घेऊन नात माझ्याबरोबर दफनभूमीत आली. तिथे आमच्याखेरीज लहान मूल एकही नव्हतं, हे मात्र मनाला लागलं.

पालकांना एवढीच विनंती : भोपळा कोरा, मुलांना नटू द्या. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी असते, त्यांना आपल्या नावाच्या संताचा वेष करून मिस्साला आणा. आणि २ तारखेला एक मेणबत्ती त्यांच्या हाती देऊन कबरीवर न्या. उद्या आपल्या कबरीवर यायला त्यांना भीती वाटू नये.

– एक निवृत्त शिक्षिका, निपाणी