समोरचा खरंच मारणार असेल तर?

चीनमधलं चेंगदू शहर, २७ एप्रिल २०१७. एका बाजूला ताई चीचा 'गुरू' वेई लेई. दुसऱ्या बाजूला मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए शिकवणारा कोच शू शियाओदोंग. वेई हात पुढे धरून, अगदी सिनेमात शोभेल असा पवित्रा घेऊन उभा राहिला. शू काही क्षण त्याच्याभोवती फिरला आणि मग सरळ धावून गेला. वेई खाली, शू वर, ठोशांचा पाऊस. पंचांनी धावत येऊन थांबवलं. खेळ खल्लास, आणि तोही वीस सेकंदांच्या आत!

या वेई लेईला त्याआधी चीनच्या सरकारी टीव्हीने एका कार्यक्रमात झळकवलं होतं. सालाला धक्का न लावता कलिंगडाचा आतला गर फोडणारा, तळहातावर बसलेल्या कबुतराला उडूच न देणारा माणूस म्हणून. कबुतर उडालं नाही, पण गुरूजी मात्र उडाले.

व्हिडीओ व्हायरल झाला. जगभरातल्या एमएमएप्रेमींनी निकाल देऊन टाकला: कुंग फू म्हणजे नुसता नाच, खऱ्या मारामारीत त्याचा उपयोग शून्य. चिनी सोशल मीडियावर उलटा सूर होता: या शूने आपल्या संस्कृतीचा अपमान केला. आज इतक्या वर्षांनीही यूट्यूबवर अशा व्हिडीओंच्या खाली हेच दोन गट भांडताना दिसतात. गंमत म्हणजे दोघंही चुकतात. कारण 'पारंपरिक की आधुनिक' हा इथला खरा प्रश्नच नाही.

एका नावाखाली तीन गोष्टी

आपण ज्याला सरसकट 'कुंग फू' म्हणतो, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, गुरूकडून शिष्याकडे चालत आलेल्या पारंपरिक शैली: ताई ची, विंग चुन, व्हाइट क्रेन वगैरे. दुसरी, ताओलू. म्हणजे ठरलेल्या हालचालींची, एकट्याने किंवा आधी बसवून करायची सादरीकरणाची स्पर्धा. तिसरी, सांदा. यात समोर खराखुरा प्रतिस्पर्धी असतो आणि ठोसा, लाथ, उचलून आपटणं हे सगळं चालतं.

ताओलूला आज आपण 'प्राचीन' समजतो, पण तिचं आजचं रूप विसाव्या शतकातलं आहे. १९४९ नंतर चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. तिला गल्लीबोळातले आखाडे आणि गुरूंचे पंथ नको होते. हवा होता शिस्तबद्ध, गुण देता येईल असा राष्ट्रीय खेळ. १९५६मध्ये ताई चीचा सोपा केलेला २४ हालचालींचा क्रम सरकारनेच बसवून घेतला. १९५०च्या दशकाअखेर स्पर्धांचे नियम ठरले. हळूहळू उड्या उंच होत गेल्या, गिरक्या वाढल्या, पोशाख चकचकीत झाले.

आताच्या आंतरराष्ट्रीय ताओलूमध्ये दहापैकी पाच गुण हालचालींच्या अचूकतेला, तीन एकूण सादरीकरणाला आणि दोन अवघड कसरतींना असतात. या दहा गुणांत प्रतिस्पर्ध्यासाठी एकही गुण नाही, कारण प्रतिस्पर्धीच नाही!

याच व्यवस्थेतून जेट ली आला. बीजिंगच्या संघातला हा मुलगा शाळकरी वयात राष्ट्रीय विजेता झाला. १९८२मध्ये त्याचा 'शाओलिन टेम्पल' आला आणि चीनमधली पोरं वेडी झाली. शाओलिन मंदिराजवळच्या डेंगफेंगमध्ये कुंग फू शाळांचं अक्षरशः पीक आलं. पण जेट ली हा ताओलूचा खेळाडू होता. त्याच्या देहावरचा ताबा अफाट होता, त्याबद्दल वादच नाही. पडद्यावर मात्र प्रेक्षकांनी त्याला लढवय्या समजून घेतलं. सादरीकरण आणि लढाई यांची सरमिसळ इथेच घट्ट झाली.

पडद्याआधीचीही सरमिसळ

खरं तर ही सरमिसळ सिनेमाच्याही आधीची आहे. १९२८मध्ये नानजिंगला राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा झाली. देशभरातले नामांकित लढवय्ये मंचावर समोरासमोर उभे करण्यात आले. पण लढती इतक्या रक्तबंबाळ झाल्या की शेवटच्या फेऱ्या गुंडाळाव्या लागल्या, असं सांगतात. म्हणजे त्या काळी लढून बघण्याची हिंमत होती, पण सुरक्षितपणे लढण्याचे नियम नव्हते.

पुढचा किस्सा त्याहून भारी. १७ जानेवारी १९५४ला मकाऊमध्ये ताई चीचे वू गोंगयी आणि व्हाइट क्रेनचा तरुण चान हाक-फू यांची लढत ठरली. हाँगकाँगमध्ये तिची प्रचंड हवा होती. या लढतीचं चित्रण आजही बघायला मिळतं. त्यात ना ताई चीची लय, ना क्रेनची झेप. दोन घाबरलेली माणसं एकमेकांवर हात झाडताना दिसतात, एकाच्या नाकातून रक्त येतं आणि दोन फेऱ्यांनंतर सामना निकालाविना थांबतो.

पण लोकांचा उत्साह बघून हाँगकाँगच्या एका दैनिकाने तीनच दिवसांत लियांग युशेंग या लेखकाची युद्धकलेवरची कादंबरी क्रमशः सुरू केली. तिथूनच नव्या 'वुशिया' कादंबऱ्यांची लाट आली, आणि पुढे त्यावर शेकडो सिनेमे निघाले. प्रत्यक्ष लढत फुसकी निघाली, पण तिच्यावर उभी राहिलेली कल्पना सुसाट सुटली. लोकांना लढाई नको होती, लढाईची गोष्ट हवी होती.

मग फरक नेमका कुठे पडतो?

वेई लेई का हरला? ताई चीमध्ये धक्का, फेक, सांधे पिरगाळणं हे सगळं कागदावर आहे. त्याच्याकडे नव्हती ती एकच गोष्ट: ऐकून न घेणाऱ्या माणसासोबतचा सराव.

तुम्ही एखादा डाव हजार वेळा हवेत केलात, किंवा ठरल्याप्रमाणे पडणाऱ्या जोडीदारावर केलात, तर तुमची हालचाल सुंदर होते. पण समोरचा कधी मारेल, किती अंतरावरून येईल, मार बसल्यावर आपले पाय कापतात का, श्वास किती वेळ पुरतो, हे कळत नाही. ते फक्त स्पारिंगमध्ये कळतं. बॉक्सिंग, कुस्ती, ज्युडो, मुय थाय यांत रोज तेच होतं. १८८२मध्ये जिगोरो कानो यांनी जपानमध्ये ज्युडोची शाळा काढली, तेव्हा जुन्या जुजुत्सूमधले सर्वांत धोकादायक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले. उरलेले डाव मात्र पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर करायला लावले. 'आमचा डाव जीवघेणा आहे, म्हणून तो सरावात करता येत नाही' असं म्हणणाऱ्यापेक्षा, साधाच डाव रोज खराखुरा करणारा पुढे जातो. सगळी मेख इथेच आहे.

आपल्याला हे समजायला चीनपर्यंत जायचीही गरज नाही. कोल्हापूरच्या तालमीत कुणी नुसतं डावाचं वर्णन ऐकून पैलवान होत नाही. मातीत उतरून रोज कुणाला तरी धरावं लागतं, चीत व्हावं लागतं. त्याच कोल्हापुरात शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ होतात, आणि ते बघताना अंगावर काटा येतो. पण मर्दानी खेळ करणाऱ्याला कुणी 'जा, आता फडात कुस्ती मार' म्हणत नाही. दोन्हींचा मान वेगळा आहे, हे आपल्याला ठाऊक असतं.

चीनचंच उत्तर चीनकडे होतं

'कुंग फू बोगस' म्हणणाऱ्यांसाठी आता दुसरी तारीख: ३१ ऑगस्ट २०१९, शेन्झेन. यूएफसीच्या स्ट्रॉवेट गटात ब्राझीलच्या जेसिका आंद्रादेला हरवायला झांग वेईलीने फक्त ४२ सेकंद घेतले. यूएफसीचा पट्टा जिंकणारी ती पहिली चिनी खेळाडू. तिचा पाया कशाचा? लहानपणी युद्धकलेची शाळा आणि हेबेई प्रांतात सांदा. २०२४च्या एप्रिलमध्ये यूएफसी ३००मध्ये तिच्यासमोर यान शियाओनान होती, तीही सांदामधून आलेली. यूएफसीच्या पट्ट्यासाठी दोन चिनी खेळाडू समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ. सांदाचा माजी जगज्जेता, दागेस्तानचा मुस्लिम सालिखोवही यूएफसीत लढतो.

सांदासाठीचे प्रयोग १९७९पासून चीनच्याच क्रीडा संस्थांमध्ये सुरू झाले. जुन्या चिनी कुस्तीच्या फेका, पारंपरिक लाथा आणि बॉक्सिंगचे ठोसे यांना नियम, ग्लोव्हज आणि फेऱ्यांची चौकट दिली गेली. उंच चौथऱ्यावरून प्रतिस्पर्ध्याला खाली ढकललं की गुण, ही जुन्या मंचाची आठवणही जपली. म्हणजे १९२८मध्ये जे जमलं नव्हतं, ते इथे जमलं. परंपरेला मोडीत काढलं नाही, तिला परीक्षेला बसवलं.

झांग वेईलीने एमएमएसाठी जमिनीवरची कुस्ती आणि जुजित्सूही शिकून घेतलं, हे खरं. पण शिकायची तयारी हासुद्धा परीक्षेचाच परिणाम असतो. हरलं की कळतं, काय कमी आहे ते.

परीक्षा घेणाऱ्यालाच शिक्षा

आता यातला गंभीर भाग. शू शियाओदोंग हा काही जगातला अव्वल लढवय्या नाही. २०१७मध्ये तो होता चाळिशीकडे झुकलेला, वजन वाढलेला एक कोच. आपला विरोध पारंपरिक कलेला नसून भोंदूगिरीला आहे, असं तो सांगत आलाय. चेंगदूच्या लढतीनंतर काय झालं? चिनी वुशू संघटनेने लढतीचा निषेध केला. त्याचं वेइबो अकाउंट गायब झालं. पारंपरिक गुरूने त्याला हरवलं तर एक कोटी युआन देऊ, असं एका उद्योजकाने जाहीर केलं. २०१८मध्ये त्याने विंग चुनच्या डिंग हाओला पुन्हा पुन्हा खाली पाडलं. पुढे एका ज्येष्ठ ताई ची गुरूबद्दल अपमानास्पद बोलल्याप्रकरणी न्यायालयाने त्याला भरपाई आणि जाहीर माफीचा आदेश दिला. पतयादीत नाव घसरल्यामुळे २०१९मध्ये त्याला विमानाचं आणि जलदगती रेल्वेचं तिकीटही काढता येत नव्हतं.

त्याची भाषा उद्धट होती, हे मान्यच. पण 'मी अजिंक्य आहे' म्हणणाऱ्याला 'दाखव' म्हणणं हा गुन्हा कसा? चीनमध्ये कुंग फू हा राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला, आणि अभिमानाचा विषय झाला की तपासणी हा अपमान ठरतो. खरी गोम ही आहे. यात नुकसान कुणाचं होतं? त्या शैलीचंच. तपासणी झाली असती तर ताई चीमधलं काय चालतं आणि काय नाही, हे कळलं असतं.

झाकून ठेवलं की काय होतं, त्याचं नाव मा बाओगुओ. मे २०२०मध्ये ६९ वर्षांचे हे ताई ची 'गुरू' पन्नाशीच्या एका हौशी लढवय्यासमोर उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटात तीनदा आडवे झाले. तिसऱ्यांदा तर शुद्धच हरपली. नंतर, तरुण मंडळी युद्धनीती पाळत नाहीत, अशा अर्थाची त्यांची तक्रार मीम बनून चीनभर फिरली, इतकी की अखेर 'पीपल्स डेली'ला या खुळाविरुद्ध लिहावं लागलं. त्याच वर्षी वुशू संघटनेनेही स्वतःला 'मास्टर', 'पंथप्रमुख' म्हणवून घेऊ नका, असं आवाहन केलं. उशिरा का होईना, रोग कुठे आहे ते त्यांनाही कळलं म्हणायचं.

आपल्यापर्यंत येणारा धागा

भारतातही वुशू खेळला जातो, आणि आपली पदकं बघितली की तोच फरक दिसतो. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला वुशूमध्ये चार कांस्यपदकं मिळाली, चारही सांदामध्ये. २०२३मध्ये हांगझोला मणिपूरच्या रोशिबिना देवीने ६० किलो गटात रौप्य जिंकलं, पुन्हा सांदातच. त्याच स्पर्धेसाठी अरुणाचलच्या तीन वुशू खेळाडू मुलींना चीनमध्ये जाताच आलं नाही. रोशिबिनाने आपलं पदक त्यांना आणि धुमसणाऱ्या मणिपूरला अर्पण केलं.

आता २०२६मध्ये डाकारच्या युवा ऑलिम्पिकमध्ये वुशू पहिल्यांदाच अधिकृत पदकांचा खेळ म्हणून दिसणार आहे. तेव्हा पुन्हा रील्स येतील, पुन्हा कमेंट्समध्ये जुंपेल. ताओलू बघा, जरूर दाद द्या. हवेत ७२० अंशांची गिरकी घेऊन एका पायावर स्थिर उतरणं ही खायची गोष्ट नाही. बागेत सकाळी ताई ची करणाऱ्या आजी-आजोबांनाही हसू नका. त्याने तोल सुधारतो आणि पडण्याचा धोका कमी होतो. म्हातारपणी यापेक्षा मोठं स्वसंरक्षण कुठलं?

फक्त तुम्ही स्वतः क्लास लावणार असाल, तर फी भरण्याआधी भिंतीवरची सर्टिफिकेट्स मोजत बसू नका. एकच बघा: इथे स्पारिंग होतं का? हेडगार्ड, माउथगार्ड लावून, वजन जुळवून, पण खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदारासोबत? सर स्वतः कधी विद्यार्थ्यासमोर उतरतात का? आणि 'हे चाललं नाही तर काय?' असं विचारलं, तर उत्तर मिळतं की ओरडा? दोन दिवसांच्या शिबिरात मनगट सोडवण्याचे चार डाव शिकून 'आता मी तयार' असं वाटणं हे काहीच न येण्यापेक्षा धोक्याचं आहे. काहीच येत नसेल तर माणूस निदान पळतो तरी. आणि पळता येत असेल तर पळणं हाच पहिला डाव, हे कुठलाही प्रामाणिक कोच पहिल्याच दिवशी सांगेल.

वेई लेईच्या हातावरचं कबुतर का उडालं नाही, यावर लोकांनी बराच खल केला. पण कबुतर काही अंगावर धावून येत नाही. शू आला.