उतरवून घेतलेली कुस्ती

आमच्या भागात एके काळी पहाटे साडेपाचला उठणारा पोरगा तालमीला जात असे. आता तो मंगळवारी आणि शनिवारी तेवढ्याच वाजता उठतो आणि अंथरुणातच मोबाईल उघडतो. अमेरिकेत सोमवारी रात्री आठला 'रॉ' सुरू होतं तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे मंगळवारची पहाट साडेपाचची असते, हिवाळ्यात साडेसहाची. शुक्रवारच्या 'स्मॅकडाऊन'चं तसंच, ते आपल्याला शनिवारी. या वेळेवरून थोरल्या मंडळींनी पुष्कळ डोकं आपटून घेतलंय. मला त्या वेळेशी भांडायचं नाही, भावाशी भांडायचंय.

पण आधी एक वाट मोकळी करते. हा विषय काढला की कुणीतरी शहाणा म्हणतोच, "अहो ती नुरा कुस्ती. ठरवून केलेली. तिच्या वर्गणीवर कसला लेख लिहिताय?" ठरवून केलेली आहे, कबूल. ते गुपितही नाही. 1989 साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कंपनीनं आपणहूनच सांगितलं होतं की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. सत्याची उबळ आली म्हणून नव्हे. खेळ म्हटलं की सरकारी आयोगाची देखरेख आणि कर मागं लागत होता, तो चुकवायचा होता. म्हणजे कर द्यायची वेळ आली की करमणूक, आणि पोस्टरवर मात्र कुस्ती! ठीक आहे. पण नाटकही ठरवूनच केलेलं असतं, म्हणून नाटकाच्या तिकिटाचा हिशेब कुणी मागायचा नाही काय? आणि खऱ्या कुस्तीचं म्हणाल, तर आमच्या जत्रांतल्या मोठ्या बक्षिसाच्या किती कुस्त्या बरोबरीत सुटल्या आणि त्यावर माळावरचे लोक घरी जाताना काय काय बोलत गेले, ते शहाण्यानं एकदा आठवावं.

दुसरी गोष्ट बाई म्हणून सांगते. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले. आमच्या भागाला त्याचा केवढा अभिमान! पण आमच्या आईच्या पिढीतल्या किती बायकांनी त्यांची कुस्ती डोळ्यांनी बघितली? तालमीत बाईचा पाय पडत नव्हता आणि मैदानात बायकांना जागाच नसायची. गडी घरी येऊन सांगायचे, हलगी कशी वाजली, घिस्सा कसा बसला, आणि आम्ही भाकरी थापत ऐकायचो. दोन माणसं एकमेकांना भिडलेली बाईनं उजळ माथ्यानं बघितली ती टीव्हीवर. 2002 साली टेन स्पोर्ट्स आलं, केबलवाल्याच्या महिन्याच्या पैशांतच आलं, आणि घरातल्या पोरांबरोबर आज्याही बसायला लागल्या. माझी आई आजही अंथऊ करून, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून बसते आणि कोण कुणाला फसवून खुर्चीनं मारणार हे आधीच सांगते. माझ्या भाचीचा जीव कविता दलालवर. हरयाणाची ती बाई 2017 साली सलवार-कमीज घालून त्या रिंगणात उतरली. भाची म्हणते, "आत्ती, ते बघितलं न्हाईस तर काय बघितलंस!" म्हणून म्हणते, हा विषय पोरकट नाही. आम्हा बायकांना मैदानाचं दार पडद्यानं उघडलं, आणि त्या दारावर आता कुलूप कुणाचं, किल्ली किती दिवसांची, हे विचारायचा आमचा हक्क आहे.

तर भाव.

2015 च्या अखेरीस डब्ल्यूडब्ल्यूईचं स्वतःचं नेटवर्क आपल्या देशात आलं ते महिना 9.99 डॉलरला. तेव्हाचे साधारण साडेसहाशे रुपये. न्यूयॉर्कच्या नोकरदाराला आणि निपाणीच्या विडी कामगार बाईच्या पोराला एकच भाव, समता म्हणायची ती हीच! पुढं ते भांडार सोनी लिव्हच्या आत गेलं. तिथं वर्षाची वर्गणी 999 रुपये असायची, महिन्याची 299. मग 1 एप्रिल 2025 पासून सगळं नेटफ्लिक्सवर. तिथं मोबाईलपुरतं घ्यायचं तर महिना 149, टीव्हीवर बघायचं तर 199, त्यावर 499 आणि 649.

आता खरं ते खरं सांगते. 149 हा आकडा साडेसहाशेपुढं लहानच आहे. 2021 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सनं इथले भाव उतरवले, 199 चे 149 केले आणि टीव्हीवर चालणारे 499 चे 199. कुस्तीबरोबर सिनेमे येतात, मालिका येतात. त्याबद्दल शिव्या घालणार नाही. पण 149 मध्ये पडदा फक्त फोनचा किंवा टॅबचा. म्हणजे आई, मी, भाची आणि शेजारची दोन पोरं असे पाचजण सहा इंची काचेवर माना मोडून बघणार. घरातला टीव्ही भिंतीवर तसाच.

आणि सगळ्यात मला खटकतं ते हे, की वर्षाचा एकरकमी भाव नाहीच. महिन्याला द्या. हे पगारदाराच्या हिशेबानं बसवलेलं गणित आहे. आमच्याकडं पैसा महिन्याला येत नाही. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा, तंबाखू विकली जाईल तेव्हा. त्या दोन-तीन महिन्यांत माणूस दुकानाची उधारी फेडतो, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करतो, पोरांची फी भरतो. तेव्हा हजार रुपये वर्षाचे म्हणून टाकणं जमतं. पण जुलैत, भांगलण चालू आणि खिसा रिकामा, तेव्हा 199 जड जातात. सोनीच्या 999 ला वर्ष निघत होतं, आता टीव्हीवर बघायला तेच वर्ष 2388 ला पडतं. शहरातल्याला हा फरक दोन कप कॉफीचा वाटेल. वाटू दे.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचे हालही काही कमी नाहीत म्हणा. त्यांचं नेटवर्क 2021 साली पीकॉकमध्ये नेलं, 2025 च्या सप्टेंबरपासून मोठे सामने ईएसपीएनच्या महिना 29.99 डॉलरच्या वर्गणीत टाकले. साप्ताहिक 'रॉ' मात्र नेटफ्लिक्सवर. पैलवान तेच, रिंगण तेच, फक्त दारावरचा तिकीटवाला बदलतो आणि प्रत्येक वेळी नवं तिकीट मागतो. जुन्या दुकानातलं काय नव्या दुकानात आलं आणि काय मागं राहिलं याची यादी गिऱ्हाइकाच्या हातात कुणी देत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते डाउनलोड. आमच्याकडं त्याला पोरं 'उतरवून घेणं' म्हणतात. फार चांगला शब्द आहे. पूर्वी पोथी उतरवून घेत. आमच्या बस्तीतल्या जुन्या पोथ्या अशाच कुणीतरी उतरवून घेतलेल्या, शेवटी लिहिणाऱ्याचं नाव, गाव, तिथी. एकदा उतरवली की ती त्या घरची झाली.

भाची बेळगावात वसतिगृहात राहते. तिथं वायफाय आहे. आमची वस्ती निपाणीच्या बाहेर, शेतात. रेंज गच्चीवर चढलं तर मिळते, पावसात तीही नाही. म्हणून ती आठवड्याची कुस्ती तिथं उतरवून घेते आणि शनिवारच्या एसटीनं घेऊन येते, जशी पूर्वी पोरं येताना बेळगावचा कुंदा आणायची. आमच्यासारख्या घरात डाउनलोड ही चैन नव्हे, तेवढी एकच बघायची सोय आहे. आणि तिच्यावरच सगळ्या अटी. कमी भावाच्या दोन्ही वर्गण्यांत एकाच यंत्रावर उतरवता येतं. काही गोष्टी सात दिवसांत आपोआप विरतात, काही एकदा चालू केल्या की 48 तासांत. एसटीत कंटाळा आला म्हणून दोन मिनिटं उघडून बघितलं की घड्याळ सुरू! वर्गणी थांबली की आधी उतरवलेलंही बंद. पैसे दिलेल्या महिन्यात, पैसे देऊन, स्वतःच्या फोनच्या जागेत ठेवलेलं, तेही.

हे फक्त कुस्तीचं नव्हे. दुसऱ्याच एका अ‍ॅपवर, नाव सांगत नाही, मी एका चातुर्मासातली प्रवचनं वर्गणी भरून उतरवून ठेवली होती. आई आजारी होती, तिला रात्री ऐकवायला. एक दिवस उघडलं तर यादी आहे, आवाज नाही. विचारलं तर उत्तर आलं की करार संपला. कुणाचा करार? मी तर कुणाशी मोडला नव्हता.

यावर माझ्या एका नातेवाइकानं मला तत्त्वज्ञान शिकवलं. "ताई, तुम्ही जैन. अपरिग्रह सांगता आणि डाउनलोड साठवायला मिळत नाही म्हणून रडता?" अपरिग्रह म्हणजे आपलं असलेलं आपण होऊन सोडणं. खिशातून कुणी काढून नेलं त्याला अपरिग्रह म्हणायला लागलो तर पाकीटमार सगळ्यात मोठा धर्मोपदेशक ठरेल.

आणि व्रतांचीच भाषा करायची तर अचौर्याचीही करू. गावातली निम्मी पोरं हे सामने टेलिग्रामवरून फुकट घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला चोरीच म्हणते. "कंपनी गब्बर आहे, तिचं काय जातंय" हे कारण मला चालत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यात चोरून आणलेला माल घेणं हा एक आहेच. भाचीला मी ते दाखवलं तेव्हा ती गप्प झाली. पण मग तिनं पुढची ओळ वाचली. त्याच पाचांत 'हीनाधिकमानोन्मान' आहे. देताना लहान मापानं द्यायचं, घेताना मोठ्या मापानं घ्यायचं. हाही चोरीचाच प्रकार, आणि हा करणारा दुकानाच्या गादीवर बसलेला असतो. "आत्ती, मग त्यांचं माप?" तिनं विचारलं.

निपाणीत मापाचा अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही. 1981 साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी हमरस्त्यावर बसले होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. भांडण भावाचं होतं, आणि भावाच्या आत मापाचंही असतंच. कुस्तीच्या वर्गणीची तुलना त्या रक्ताशी करत नाही, तेवढी अक्कल मला आहे. सांगायचं एवढंच, की 'उतरवून घ्या' असं बटणावर लिहायचं आणि द्यायचं 48 तासांचं भाडं, हे लहान मापच. भाडं आहे तर भाडं लिहा. सायकलच्या दुकानात तासावर सायकल मिळायची, तिथं 'विकत घ्या' अशी पाटी नव्हती.

तिसरं माप घराचं. 2023 च्या जुलैत नेटफ्लिक्सनं इथल्या गिऱ्हाइकांना कळवलं की एक खातं एका घरापुरतं. आणि घर म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं. आता सांगा, आमचं घर कुठलं? थोरला भाऊ शेतात, त्याची पोरगी बेळगावात, धाकटा कागलला नोकरीला. 1956 साली सरकारनं रेघ ओढली तेव्हा एका घरातली माणसं दोन राज्यांत गेली, तरी रेशनकार्डावर नसलेलं घर आम्ही सणावारी टिकवलं. चूल एक होती तोवर घर एक, ही आमची व्याख्या. शिकायला गेलेली पोरगी घराबाहेरची, असं आमच्या आजोबांनीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, 1912 साली ते पुरं झालं. मधोमध हौदा, भोवती चढती जमीन. सगळ्यात मागं बसलेल्यालाही कुस्ती दिसावी अशी ती बांधणी. तिकिटं तिथंही लागली आहेत, पुढच्या जागेला जास्त, मागच्याला कमी. त्याला माझी ना नाही. पण मागं बसलेल्याला अंधुक दिसावं म्हणून कुणी मुद्दाम धूळ उडवली नव्हती. 149 वाल्याला चित्र 480 चं देतात, म्हणजे मुद्दाम अंधुक, तेव्हा मला ती चढण आठवते.

मागणं फार मोठं नाही. वर्षाचा एक भाव ठेवा, ऊस-तंबाखूवाल्याला झेपेल असा. पैसे भरलेल्या काळात उतरवून घेतलेलं निदान वर्षभर राहू द्या, वर्गणी थांबली तरी. नाहीतर बटणावरचा शब्द बदला. शिकायला बाहेर असलेलं पोर घरातच धरा.

सध्या आमच्याकडं 199 चं चालू आहे. मे महिन्यात भाची सुट्टीला घरी येणार, आणि घरी रेंज नाही, म्हणून मे महिन्यात ते बंद ठेवायचं ठरलंय. आईनं तारीख विचारून घेतली आहे. त्याआधीच्या शनिवारी जे यायचं ते दोनदा बघणार म्हणते, 48 तासांच्या आत.